आजोबांच्या काचेवरचा दरवाजा

६ जानेवारी २०२४ ला गिरगावातली आजोळची खोली रिकामी केली. चाळ पुनर्विकासाला गेली होती आणि महिनाअखेरीस चावी द्यायची होती. माळ्यावर शिवणाच्या मशीनच्या खोक्यामागे एक लाकडी पेटी निघाली. आत खाचा पाडलेल्या आणि खाचांमध्ये उभ्या लावलेल्या तेवीस काचा होत्या. प्रत्येक काच सव्वातीन इंची चौकोन, कडेनं काळ्या कागदाची पट्टी. आईनं बघताक्षणी सांगितलं, "अण्णांच्या मॅजिक लँटर्नच्या." आजोबा शाळामास्तर होते आणि सुट्टीच्या दिवसांत वाडीतल्या पोरांना भिंतीवर चित्रं दाखवत, एवढं मला ऐकून माहीत होतं. यंत्र कधीच भंगारात गेलं होतं, काचा तेवढ्या राहिल्या होत्या.

सतरा नंबरची काच खिडकीकडे धरली तर त्यात दगडी तटबंदी, मधोमध एक कमानी दरवाजा, मागे चर्चचं टोकदार शिखर. कडेच्या पट्टीवर आजोबांच्या टाकानं लिहिलेलं बाळबोध अक्षर: "चर्चगेट, मुंबई."

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, बँकेत नोकरी करते. या एका काचेपायी आठ महिने कसे गेले ते लिहून ठेवते आहे. जुना फोटो हातात आला की माणूस आधी काय-काय चुका करतो, हे मला आता पाठ आहे.

पहिली चूक त्याच संध्याकाळी झाली. भावानं ओल्या फडक्यानं काच पुसली. सुदैवानं चित्र दोन काचांच्या मध्ये बंद असतं, त्यामुळे ते वाचलं, पण पट्टीवरच्या "मुंबई"तली शाई पसरली. पाणी, कॉलिन, तोंडाची वाफ, काहीही नको. हवा मारायचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश पुरतो. दोन्ही मिळून मला ३४० रुपयांना मिळाले. काचा ठेवायला आम्लरहित कागदाचे लिफाफे आणले, त्यांना त्याहून जास्त गेले.

जानेवारीच्या शेवटी स्कॅन. फोटो स्टुडिओवाल्यांपैकी तिघांनी "काच नको बाई, फुटली तर?" म्हणून हात वर केले. चौथ्यानं एका काचेचे १५० रुपये सांगितले. मी फक्त सतरा नंबर दिली आणि दोन दिवसांनी पेन ड्राइव्हवर फाईल घेऊन आले. काच त्यानं कुठल्या बाजूनं ठेवली होती, हे विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तर हा लेख निम्माच झाला असता.

मोठ्या पडद्यावर चित्र उघडलं आणि त्या रात्री जेवायचंही भान राहिलं नाही. दरवाजासमोर एक छकडा उभा आहे. गाडीवान स्थिर बसलाय, पण उजवीकडच्या बैलानं मान हलवली असावी, त्याला धुरकट अशी दोन डोकी आली आहेत. त्या काळी काचेवर उजेड पडू द्यायला काही सेकंद लागत. जे हललं ते पुसट झालं. कमानीत एक पहारेकरी आहे, कमरेला तलवार. डाव्या कडेला तटाच्या वरून बारीक काड्यांसारखं काहीतरी डोकावतंय. आधी मला ते वाळलेलं झाड वाटलं. चित्र मोठं केल्यावर आडव्या दांड्या आणि दोर दिसले. डोलकाठ्या, म्हणजे गलबतं.

आता थोडी पार्श्वभूमी. मुंबईच्या फोर्टाला खरोखरच तट होता, आणि त्याला तीन मुख्य दरवाजे. पश्चिमेला चर्चगेट, उत्तरेला बाजारगेट, दक्षिणेच्या टोकाला अपोलो गेट. चर्चगेट हे नाव तिथून सरळ आत असलेल्या सेंट थॉमस चर्चवरून आलं. देशी लोक त्याला पवनचक्की दरवाजा म्हणत, कारण बाहेरच्या मैदानात पवनचक्की होती. अपोलोचा ग्रीक देवाशी संबंध नाही, ते आपलं पालव बंदर. बाजारगेटला एक मोठा आणि दोन लहान असे तीन दरवाजे, म्हणून 'तीन दरवाजा'. १८६२ मध्ये बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाला आणि त्याच्या कारकिर्दीत तट, खंदक, दरवाजे सगळं पाडून टाकलं. शहर दाटलं होतं, मोकळी हवा आणि जमीन हवी होती. म्हणजे आजोबांची काच कितीही नंतर तयार झालेली असो, मूळ फोटो पाडापाडीच्या आधीचाच असणार.

फेब्रुवारीत मी रोज ऑफिसला जाताना चर्चगेट स्टेशनबाहेर उभी राहून दरवाजा कुठे असेल याचा अंदाज बांधत होते. हसू नका, बहुतेक मुंबईकरांना असंच वाटतं. स्टेशन १८७० चं, दरवाजा पाडल्यानंतरचं. दरवाजा होता तो आत हुतात्मा चौकात, फ्लोरा फाउंटनच्या आसपास. स्टेशनापासून आठ-दहा मिनिटं चालावं लागतं. तिथून वीर नरिमन रोडनं सरळ पुढे गेलं की सेंट थॉमस कॅथीड्रल. एका शनिवारी प्रिंटआउट घेऊन तिथे गेले आणि पहिला फुगा फुटला. सेंट थॉमसचा मनोरा चौकोनी आहे, वर छोटे कंगोरे. टोकदार शिखर नाहीच. माझ्या चित्रातलं शिखर निमुळतं होत सुईसारखं वर गेलंय. शिवाय चर्चगेटाबाहेर उभं राहून शहराकडे तोंड केलं तर आपण पूर्वेकडे बघतो. बंदर सगळ्या इमारतींच्या पलीकडे, नाकासमोर. डाव्या हाताला इतक्या जवळ डोलकाठ्या कशा दिसतील?

आजोबांचं अक्षर चुकीचं असू शकतं, हे मान्य करायला मला आठवडा लागला. नंतर कारणही लक्षात आलं. दरवाज्यामागे चर्च दिसलं, म्हणून लिहिलं चर्चगेट. आजोबांच्या जन्माआधीच दरवाजे गेले होते, त्यांनी तरी कुठे पाहिले होते?

मार्चमध्ये सरकारी दप्तरखान्यातले जुने कागद बघायचं ठरवलं. अर्ज, आधारची प्रत, दोन फोटो, आणि एखाद्या संस्थेचं ओळखपत्र लागतं म्हणाले. "मी आपली हौस म्हणून" हे उत्तर कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. शेवटी ओळखीच्या एका प्राध्यापक बाईंनी त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी दिल्या. परवानगीला अकरा दिवस लागले. पहिल्या दिवशी काउंटरवर विचारलं, "कुठलं खातं, कुठलं साल?" मी म्हटलं, "दरवाज्याबद्दल जे असेल ते." त्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं. जुने कागद विषयानं लावलेले नसतात, खात्यानं आणि सालानं लावलेले असतात, हे मला तिथे कळलं. तट पाडण्याचं काम म्हणजे बांधकाम खातं आणि लष्करी खातं, साल १८६२ च्या पुढे. हे घरून ठरवून गेलात तर एक दिवस वाचेल. मी मागितलेल्या चारपैकी दोन बाडं 'जीर्ण' असा शेरा घेऊन परत आली, एक सापडलं नाही. एक मिळालं, त्यावर दोन दुपारी घातल्या. अंदाजपत्रकं, पत्रांवर पत्रं, वळणदार हस्ताक्षर. दरवाजा दिसायला कसा होता याबद्दल एक अक्षर नाही. ज्यांच्या डोळ्यांसमोर तो उभा होता, त्यांनी त्याचं वर्णन कशाला करावं?

ही रजा फुकट गेली असं तेव्हा वाटलं. आजही तसंच वाटतं.

नकाशांनी मात्र मदत केली. दोन नकाशे शेजारी ठेवले. एक १८२७ च्या सुमाराचा, डिकिन्सनच्या मोजणीवरचा, त्यात तट आहे. दुसरा लॉटनचा १८७२ चा, त्यात तट नाही पण घरन् घर आहे. दोन्हींत न हललेल्या गोष्टी धरायच्या, म्हणजे सेंट थॉमस, टाउन हॉल, गोदी, आणि त्यावरून तटाची रेघ आजच्या रस्त्यांवर आणायची. प्रतींना आणि ट्रेसिंग पेपरला मिळून ६०० रुपये गेले. मोबाइलवर दोन बोटांनी नकाशा ओढत बसण्यापेक्षा कागद बरा. डायनिंग टेबल दोन आठवडे अडवलं होतं, घरचे सोफ्यावर जेवले.

ट्रेसिंगवर बाण काढले आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मला उत्तर सापडलं. निदान तसं वाटलं. बंदर पूर्वेला. ते डाव्या हाताला दिसतंय, म्हणजे फोटो काढणारा दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे. म्हणजे दरवाजा उत्तरेचा, बाजारगेट! आजच्या पेरिन नरिमन स्ट्रीटचं जुनं नाव बाजारगेट स्ट्रीट. त्या रस्त्यावरून मी विजयी मुद्रेनं दोन चकरा मारल्या. तीन दरवाज्यांऐवजी एकच का दिसतो? बाकीचे दोन काळ्या चौकटीआड गेले असतील. शिखर एवढं मोठं कसं? असेल काहीतरी. पहारेकऱ्याची तलवार उजव्या कमरेला का? असेल डावखुरा. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी ही तिन्ही उत्तरं मला अगदी पुरेशी वाटली होती.

मुंबईच्या जुन्या वास्तूंचा अभ्यास असलेल्या एका वयस्कर गृहस्थांना मी चार पानी मेल पाठवला. तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: "ऊन कुठून येतंय ते बघितलंत का?"

पुन्हा चित्र उघडलं. छकड्याजवळ एक माणूस उभा आहे, डोक्यावर पाटी. त्याची सावली त्याच्या मागे, सरळ दरवाज्याकडे पडली आहे. पट्टीनं मोजली तर त्याच्या उंचीच्या साधारण निम्मी. दरवाज्याचा दर्शनी भाग उन्हात लख्ख. म्हणजे सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी. बाजारगेट असेल तर पाठ उत्तरेला, म्हणजे सूर्य उत्तरेला आणि सावली दक्षिणेला.

मी हट्टानं पंचांग काढलं. मुंबईत सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, १५ मेच्या आणि २८ जुलैच्या सुमारास. मधल्या काळात भर दुपारी तो खरंच किंचित उत्तरेला असतो. म्हटलं झालं, फोटो मेअखेरचा! १५ मेला बुधवार होता. लंच टाइममध्ये हुतात्मा चौकात गेले आणि पाण्याची बाटली फरशीवर उभी ठेवली. बारा पस्तीसला बाटलीची सावली बाटलीच्या बुडाखाली गेली. आजूबाजूचे खांब, रेलिंग, माणसं, सगळे बिनसावलीचे, चित्रात कापून चिकटवल्यासारखे. एक शेंगदाणेवाला माझ्याकडे बघत होता. त्याला बाटली दाखवली तर म्हणाला, "हो, आज असंच."

तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं की माझा बचाव ढासळला. अगदी २१ जूनलासुद्धा मुंबईत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकतो तो जेमतेम साडेचार अंश. साडेपाच फुटी माणसाची सावली दक्षिणेला पडेल ती पाच-सहा इंच. सकाळी-संध्याकाळी सावली लांब होते, पण तेव्हा ती आडवी पडते, सरळ दक्षिणेला नाही. निम्म्या उंचीची सावली सरळ दक्षिणेकडे मुंबईत कधीच पडत नाही.

डोलकाठ्या म्हणत होत्या, दरवाजा उत्तरेचा. सावली म्हणत होती, उत्तरेचा नाहीच. महिनाभर मी फाईल उघडली नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि काचांना बुरशी धरू नये म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालत होते. आई शेजारी भाजी निवडत होती. एक काच उचलून तिनं अंगठा तिच्या वरच्या कडेवर फिरवला.

"ठिपके आहेत अजून."

"कसले ठिपके?"

"हे काय, दोन पांढरे. अण्णा अंधारात बोटानं चाचपायचे. ठिपके लागले की काच सुलट. एकदा मी लावली तर पाटीवरची अक्षरं उलटी आली भिंतीवर. सगळी पोरं हसली."

काळ्या कागदावर वरच्या दोन कोपऱ्यांत कागदाच्या दोन गोल टिकल्या. जानेवारीपासून त्या मला दिसत होत्या आणि मी त्यांना कारागिराची नक्षी समजत होते. इंग्रजी धर्तीच्या लँटर्न काचांवर ही खूण असते. टिकल्या वर आणि आपल्याकडे तोंड करून असल्या की चित्र खऱ्यासारखं दिसतं. मी सतरा नंबर तशी धरली आणि लॅपटॉपवर स्कॅन उघडला. लॅपटॉपवर डोलकाठ्या डावीकडे. काचेत त्या उजवीकडे.

स्टुडिओत काच पालथी पडली होती. पाच महिने मी आरशातली मुंबई बघत होते.

आरशात डावं-उजवं बदलतं, पुढचं-मागचं नाही. म्हणून डोलकाठ्या खोट्या पडल्या, सावली खरी राहिली. बंदर उजवीकडे, म्हणजे फोटो काढणारा दक्षिणेला उभा, तोंड उत्तरेला. दुपारचं ऊन पाठीवर, सावली उत्तरेला, जशी ती मुंबईत वर्षातला बहुतेक काळ पडते. पहारेकऱ्याची तलवारही आपोआप डाव्या कमरेला गेली. दरवाजा दक्षिणेचा होता, अपोलो गेट. आणि ते शिखर? अपोलो गेटच्या आत लगेच सेंट अँड्र्यूज, स्कॉटिश लोकांचं १८१९ चं चर्च. ते अजून उभं आहे, सुईसारख्या शिखरासकट.

"म्हणजे अण्णांचं चुकलं?" आईनं विचारलं. मी म्हटलं, "चर्च बरोबर होतं, गेट चुकलं."

२९ जूनला शनिवारी भर पावसात लायन गेटपाशी गेले. तिथे नौदलाची गोदी आहे. मोबाइल वर केल्याबरोबर पहाऱ्यावरच्या जवानानं हात केला, फोटो नाही. बरोबरच होतं त्याचं. तुम्ही गेलात तर गोदीकडे पाठ करून फक्त चर्चचे फोटो घ्या, आणि आधी विचारून घ्या. शहीद भगतसिंग मार्गावरून मागे-मागे सरकत मी शिखर चित्रातल्या कोनात येतं का बघत होते. छत्री, प्रिंटआउट आणि मागून येणाऱ्या टॅक्स्या एकदम सांभाळणं जमलं नाही, प्रिंटआउट भिजून गेली. जुलैत पुन्हा गेले, या वेळी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणि भावाला बरोबर घेऊन. आजच्या शिखराचा फोटो पारदर्शक करून जुन्यावर ठेवला. शिखराची उतरती बाजू आणि टप्पे जुळले.

सावलीवरून महिनाही काढून बघितला. दरवाज्याचं तोंड बरोबर दक्षिणेला धरलं तर निम्म्या उंचीची दुपारची सावली फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावर किंवा ऑक्टोबरच्या मध्यावर येते. जमीन कोरडी आणि धुळीची दिसते, म्हणून मी मार्चच्या बाजूची आहे. दरवाजा थोडा जरी तिरका असेल तर हे गणित कोसळतं, तेव्हा त्यावर पैज लावू नका.

त्या गृहस्थांना पुन्हा मेल केला, या वेळी अर्धं पान. सोबत सुलट स्कॅन, ट्रेसिंगचा फोटो आणि चूक कुठे झाली ते. चार दिवसांत उत्तर आलं: "आता पटतंय. पण दुसरा फोटो मिळेपर्यंत 'बहुधा' लिहा."

एकूण खर्च ३,१०० रुपयांच्या आसपास, त्यात टॅक्सी धरलेली नाही. रजा पाच. स्कॅन दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करून घेतला, काचेच्या टिकल्या दाखवून आणि समोर उभं राहून. तुमच्या घरी अशा काचा असतील तर स्कॅनच्या आधी दोन्ही बाजूंनी आणि कडेनं मोबाइलवर साधे फोटो काढून ठेवा. चित्रात कुठेही अक्षरं असतील, दुकानाची पाटी, घड्याळ, तर आधी ती शोधा. माझ्या चित्रात एकही अक्षर नव्हतं, म्हणून हा सगळा खेळ. इंटरनेटवर तसाच दिसणारा फोटो सापडला तरी त्याखालचं नाव लगेच उचलू नका. तेही कुणाच्या तरी आजोबांनीच लिहिलेलं असतं.

१८ ऑगस्टला सतरा नंबर नव्या लिफाफ्यात गेली. आजोबांची पट्टी काढली नाही, पसरलेल्या शाईसकट तशीच आहे. लिफाफ्यावर मी लिहिलं: "अपोलो गेट (बहुधा), दक्षिणेकडून. मागे सेंट अँड्र्यूज चर्च." आईनं वाचलं आणि म्हणाली, "पेन्सिलनं का? पुसून जाईल."

"म्हणूनच," मी म्हटलं, आणि अठरा नंबर खिडकीकडे धरली. त्यावर लिहिलंय "भायखळ्याचा पूल". टिकल्या वर आहेत. पूल काही दिसत नाही.